छोट्या उपनदीची नोंद: संगम, उगम, लांबी आणि नाव कसं ठरवायचं

उपनदीचा अभ्यास उगमापासून सुरू करू नका, संगमापासून करा. संगम एकच असतो आणि जागेवर उभं राहून त्याच्याकडे बोट दाखवता येतं. वर जावं तसे प्रवाहाला फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्यावर ‘यातली खरी नदी कुठली’ हा प्रश्न येतो. खालून वर गेलं तर हे प्रश्न एकेक करून सुटतात. वरून खाली आलं तर एक ओढा आधीच ‘उगम’ म्हणून मनात बसलेला असतो आणि पुढची सगळी नोंद त्याच्या समर्थनासाठी लिहिली जाते. छोट्या नद्यांच्या बहुतेक चुकीच्या माहितीचं मूळ इथेच असतं.

इथली पद्धत महाराष्ट्रातल्या नद्यांना धरून आहे: पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या, उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरणाऱ्या, आणि गावागणिक नाव बदलणाऱ्या. भारतात २०,००० चौ. किमीपेक्षा जास्त पाणलोट असेल तर मोठं खोरं, २,००० ते २०,००० मध्यम आणि २,००० च्या आत लहान अशी ढोबळ विभागणी वापरली जाते. आपण बोलतो आहोत ते त्याहूनही लहान नद्यांबद्दल, म्हणजे साधारण ३० ते ३०० चौ. किमीचं पाणी गोळा करणाऱ्या. एवढ्या नदीचं काम दोन माणसांना एका पावसाळ्यात आणि एका उन्हाळ्यात नीट करता येतं.

आधी कोणते कागद जमवायचे

पहिला कागद म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा. यात नकाशावरचे २ सेंमी म्हणजे जमिनीवरचा १ किमी, आणि समोच्च रेषांमधलं अंतर सहसा २० मीटर. जुन्या क्रमांकपद्धतीत ‘४७ एफ/१४’ हा पुण्याचा शीट. तो १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढा भाग दाखवतो. नव्या मालिकेची क्रमांकपद्धत वेगळी आहे, त्यामुळे दोन्ही क्रमांक टिपून ठेवा. नदी नेमकी शीटच्या कडेवरून जाते हा नेहमीचा अनुभव, तेव्हा शेजारचे शीटही घ्या.

टोपोशीट वाचताना रंगाकडे लक्ष हवं. निळ्या रंगात बारमाही पाणी असतं, कोरडे पडणारे ओढे काळ्या रेघेत असतात. निळी रेघ जिथे संपते तिथे नदी उगम पावते असं समजून लिहिलेल्या नोंदी बऱ्याच सापडतात. प्रत्यक्षात तिथून वर काळी रेघ आणखी चार-पाच किलोमीटर जात असते. शीटच्या समासात सर्वेक्षणाचं वर्ष छापलेलं असतं, तेही लिहून घ्या. धरण, कालवा आणि गावाचं पुनर्वसन या तिन्हींचा उलगडा त्याच वर्षावरून होतो.

दुसरा कागद म्हणजे धरणांच्या आधीचा नकाशा. अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसने १९५० च्या दशकात काढलेले १:२,५०,००० चे शीट इंटरनेटवर मिळतात. प्रमाण लहान आहे, पण उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्याखाली गेलेले संगम बघायचे तर असे जुने नकाशेच कामी येतात. तिसरा कागद भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा, आणि चौथा जिल्ह्याचं गॅझेटिअर. मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटिअरं जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघाली, पुण्याचा खंड १८८५ चा. त्यात नद्यांचं वर्णन असतं आणि लहान नद्याही येतात, फक्त रोमन लिपीत. त्या लिपीमुळे होणाऱ्या गोंधळाबद्दल पुढे सविस्तर येईलच.

उपग्रह चित्र शेवटी उघडा. ते आधी उघडलं की कालवा नदीसारखा दिसू लागतो. दोघांतला फरक ओळखायची खूण अशी: नदी समोच्च रेषांना छेदत उतरते, कालवा त्यांना जवळजवळ समांतर जातो आणि ओढ्यांवरून जलसेतूने पलीकडे जातो. ‘नदी’ दुसऱ्या ओढ्याला न मिळता ओलांडून गेली तर तो कालवा.

संगम पक्का करणं

संगमावर चार गोष्टी नोंदवायच्या: अक्षांश-रेखांश, उंची, कोणत्या तीरावर मिळते, आणि तारीख.

अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, दशांशचिन्हापुढे पाच अंक. पाचवा अंक साधारण १ मीटर दाखवतो आणि चौथा ११ मीटर. मोबाइलची अचूकता उघड्यावर ३ ते १० मीटर असते, खोल दरीत आणखी घसरते, म्हणून सहा-सात अंक लिहिण्यात अर्थ नाही. जुने टोपोशीट अक्षांश-रेखांश मोजायच्या ‘एव्हरेस्ट’ प्रणालीवर आहेत आणि मोबाइल ‘डब्ल्यूजीएस ८४’ या प्रणालीवर. एकावरचा बिंदू दुसऱ्यावर तसाच टाकला तर संगम शेतात जाऊन पडतो.

तीर ठरवताना पाणी ज्या दिशेने जातं तिकडे तोंड करून उभं राहायचं. डाव्या हाताला डावा तीर, उजव्या हाताला उजवा. ‘उत्तर तीर’, ‘पलीकडचा काठ’ असे शब्द टाळा. वळणावळणाच्या नदीत उत्तर तीर दोन किलोमीटरवर पश्चिम तीर होतो, आणि पलीकडचा काठ हा बोलणाऱ्याच्या गावावर अवलंबून असतो. कऱ्हा सोनगावजवळ नीरेला डाव्या तीरावर मिळते, नीरा पुढे नीरा-नरसिंहपूरला भीमेच्या उजव्या तीरावर. अशी दोन वाक्यं लिहिली की वाचणाऱ्याला नकाशा न पाहताही चित्र उभं राहतं.

संगम नेहमी सरळ ‘वाय’ आकाराचा नसतो. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि एकत्र पाणी पूर्वेकडे निघतं. सपाटीवर लहान नदी मोठीच्या गाळातून बरंच अंतर समांतर वाहते आणि मग मिळते. पूर आला की मधली मळई फोडून वरच मिळते. अशा ठिकाणी ‘उन्हाळ्यातला संगम’ आणि ‘पुराच्या वेळचा संगम’ असे दोन बिंदू घ्या. मध्ये बेट असेल तर उपनदीचं पाणी बेटाच्या वरच्या टोकाला पोहोचतं की खालच्या, ते पाहा.

धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या संगमासाठी दोन नोंदी लागतात. जुन्या नकाशावरून मूळ संगम, आणि जलाशय पूर्ण भरलेला असताना उपनदीचं वाहतं पाणी जिथे थांबतं तो बिंदू. लांबी मोजताना कोणता धरला हे लिहिलं नाही तर दोन अभ्यासकांच्या आकड्यांत पाच-सात किलोमीटरचा फरक पडतो आणि दोघांनाही आपलाच आकडा बरोबर वाटतो.

फाट्यावर कुठे वळायचं

वर जाताना प्रत्येक मोठ्या फाट्यावर तीन कसोट्या लावा. कोणत्या फाट्याची वरची लांबी जास्त? कोणत्याचा पाणलोट मोठा? आणि नदीचं नाव घेऊन लोक कोणत्या फाट्याकडे बोट दाखवतात? तिन्हींचं उत्तर एकच आलं तर प्रश्न मिटला. बऱ्याचदा येत नाही, आणि तेव्हा वाद न घालता तिन्ही उत्तरं लिहायची.

परंपरा पाण्याच्या हिशोबाने चालतेच असं नाही. मुठा नदीचं उदाहरण जवळचं आहे. मुठेला आंबी आणि मोसे या नद्या मिळतात. आंबीवर पानशेतचं धरण आहे, मोसेवर वरसगावचं, आणि मुठेवर टेमघरचं. तिघांत टेमघर सर्वांत लहान: साठा पावणेचार टीएमसीच्या आसपास, तर पानशेत साडेदहाच्या वर आणि वरसगाव पावणेतेराच्या जवळ. धरणाचा साठा म्हणजे नदीचं पाणी नव्हे, पण नाव मोठ्या फाट्याकडे जातं हा समज खोडायला एवढं पुरे. नाव ज्या फाट्याला लोकांनी दिलं त्याचंच राहतं. भूगोलाच्या दृष्टीने मुख्य प्रवाह वेगळा निघत असेल तर ते वेगळ्या वाक्यात सांगा; नाव मात्र हलवू नका.

फाट्यांची प्रतवारी करायची असेल तर स्ट्रालरची पद्धत सोपी. ज्या ओढ्याला वरून काहीच मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा. दोन पहिल्या श्रेणीचे मिळाले की दुसरी. दोन दुसऱ्या मिळाल्या की तिसरी. दुसऱ्या श्रेणीच्या प्रवाहाला पहिल्या श्रेणीचा ओढा मिळाला तर श्रेणी बदलत नाही. चूक होते ती याच ठिकाणी. आणि श्रेणी नकाशाच्या प्रमाणावर ठरते. १:५०,००० वर तिसरी असलेली नदी मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर पाचवी निघते, म्हणून श्रेणीसोबत प्रमाण लिहिलंच पाहिजे.

उगम

उगम तीन प्रकारे सांगता येतो, आणि चांगल्या नोंदीत तिन्ही असतात.

पहिला भौगोलिक उगम: संगमापासून प्रवाहाच्या वाटेने सर्वांत लांबचा बिंदू, जिथे पावसाचं पाणी पहिल्यांदा ओघळीत एकवटतं. हा बिंदू बहुधा जलविभाजकापासून (दोन खोऱ्यांमधल्या धारेपासून) शे-दोनशे मीटर खाली असतो. थेट डोंगराच्या माथ्यावर उगम दाखवू नका. माथ्यावर पाणी वाहत नसतं, पसरतं.

दुसरा कायम पाण्याचा उगम. सह्याद्रीतला दगड थराथरांचा बेसॉल्ट आहे. सच्छिद्र किंवा झिजलेल्या थरात पाणी मुरतं, खाली घट्ट कातळ किंवा दोन थरांमधली लाल मातीची पट्टी आली की ते पुढे झिरपू शकत नाही आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याने बाहेर येतं. एप्रिल-मे मध्ये जो सर्वांत वरचा झरा वाहता सापडेल तो हा उगम. तो भौगोलिक उगमापेक्षा बराच खाली असतो. शेजारच्या ओढ्यांतही साधारण त्याच उंचीवर झरे मिळतात, कारण थर तोच. एक झरा सापडला की त्याची उंची धरून पुढचे शोधा, पायपीट निम्मी होते.

तिसरा श्रद्धेचा उगम: कुंड, गोमुख, शिवाचं ठाणं. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. समोच्च रेषा पाहून ‘हा खरा उगम नव्हे’ असं लिहिणं उद्धटपणाचं तर आहेच, शिवाय चुकीचंही आहे, कारण नदीचं नाव आणि तिची ओळख अनेकदा त्या कुंडाशीच बांधलेली असते. ‘परंपरेने मानलेला उगम’ असं लिहून त्याचेही अक्षांश-रेखांश द्या.

लांबी, उतार, पाणलोट

कागदी नकाशावर लांबी मोजायला ओला सुती दोरा प्रवाहाच्या रेघेवर बसवत न्या आणि मग पट्टीवर मोजा. ४२.८ सेंमी दोरा लागला तर लांबी २१.४ किमी. तीनदा मोजून सरासरी घ्या. संगणकावर रेघ काढत असाल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच झूमवर काढा. अर्धी नदी जवळून आणि अर्धी लांबून काढली तर लांबीला अर्थ राहत नाही: जवळून काढलेल्या रेघेत प्रत्येक वळण येतं आणि ती लांब भरते. म्हणूनच ‘लांबी २१ किमी’ यापेक्षा ‘१:५०,००० च्या नकाशावर मोजलेली लांबी २१ किमी’ हे पूर्ण विधान.

उतार काढायचा तर उगमाची उंची ९४० मीटर आणि संगमाची ५६० धरू. फरक ३८०, लांबी २१.४; किलोमीटरला १७.८ मीटर. पण हा आकडा फसवा आहे. यातले २६० मीटर पहिल्या चारच किलोमीटरांत उतरले असतील तर तिथे उतार किलोमीटरला ६५ मीटर आणि उरलेल्या १७.४ किलोमीटरांत ७ च्या आत. डोंगरातला टप्पा आणि सपाटीचा टप्पा वेगळा दाखवा. दोन्हींतला पूर, गाळ आणि डोह वेगळे असतात, आणि बऱ्याचदा नावही तिथेच बदलतं.

पाणलोटाची सीमा आखताना संगमापासून निघा, एका बाजूच्या सोंडेवर चढा, धार धरून उगमाच्या मागून फिरा आणि दुसऱ्या सोंडेवरून संगमाला परत या. समोच्च रेषेचं टोक उंच बाजूकडे वळलं असेल तर ती घळ, सखल बाजूकडे वळलं असेल तर सोंड. सीमारेषा कुठेही ओढ्याला छेदता कामा नये, अपवाद फक्त संगमाच्या बिंदूचा. क्षेत्रफळासाठी नकाशावरचे एक किलोमीटरचे चौकोन मोजा: पूर्ण ६१ आणि अर्धवट ३८ असतील तर ६१ अधिक १९, म्हणजे ८० चौ. किमी. एवढ्या आकाराच्या खोऱ्याला ही पद्धत पुरेशी चांगली उत्तरं देते.

संगणकावर करायचं तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आणि ३० मीटरचं उंचीचं प्रतिरूप (एसआरटीएम किंवा इस्रोच्या भुवन पोर्टलवरचं कार्टोडेम) पुरतं. क्रम असा: खळगे भरणं, प्रवाहाची दिशा, प्रवाहाचा संचय, मग संगमाचा बिंदू देऊन पाणलोट. ओढे दिसण्यासाठी ५०० चौकटींचा (एक चौकट ३० × ३० मीटर) उंबरठा ठेवला तर ०.४५ चौ. किमीवरचे सगळे ओढे उमटतात. इथे तीन चुका हमखास होतात. संगमाचा बिंदू प्रवाहाच्या चौकटीऐवजी शेजारच्या चौकटीवर पडला तर ८० चौ. किमीच्या जागी दोन-चार शेतांएवढं पाणलोट येतं; बिंदू संचयाच्या रेघेवर सरकवा, आणि मुख्य नदीच्या रेघेपासून एक चौकट वर ठेवा, नाहीतर तिचं सगळं खोरं मोजलं जाईल. क्षेत्रफळ अंशांत आलं तर आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणात बदला: ७८ पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला ४३ वा पट्टा, पूर्वेला ४४ वा. नागपूर, भंडारा, गोंदिया ४४ मध्ये येतात. आणि जलाशयावर किंवा अगदी सपाट रानात समांतर सरळ रेघा दिसल्या तर त्या ओढे नव्हेत, गणिताचं कृत्रिम फळ आहे. तो भाग हाताने दुरुस्त करा.

पाणी कधी असतं

वर्षातून चारदा त्याच जागी जा: जुलैअखेर, ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल. एकदाच जाऊन ‘बारमाही’ किंवा ‘हंगामी’ ठरवू नका. डिसेंबरात भरलेलं दिसणारं पाणी अनेकदा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामुळे साचलेलं असतं. पावसाळा सरल्यावर त्यात फळ्या टाकतात आणि पाणी अडतं. उलट उन्हाळ्यात वाहतं पाणी दिसलं तर वरच्या धरणाचं आवर्तन सुटलेलं आहे का, हे आधी विचारा. शहराजवळ वाहतं दिसणारं पाणी सांडपाणी असू शकतं.

प्रवाह मोजायला सरळ १० मीटरचा पट्टा निवडा, अर्धवट बुडणारी काडी सोडा, पाच वेळा घड्याळ लावा. रुंदी ४ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर आणि काडीला २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने धावतं म्हणून ०.८५ ने गुणा: ४ × ०.३ × ०.५ × ०.८५ = ०.५१ घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५१० लिटर किंवा १८ क्युसेक. पुरात हे करू नका. वर पाऊस पडत असेल तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो.

नाव

इथे घाई केली तर सगळं काम वाया जातं. नकाशावरची रेघ पुन्हा मोजता येते. नाव सांगणारी माणसं गेली की ते परत मिळत नाही.

पहिली अडचण ही की नदीकाठचा माणूस नदीला नावाने हाक मारतच नाही. त्याच्यासाठी ती ‘नदी’, ‘ओढा’ किंवा ‘नाला’ असते. कोकणात ‘वहाळ’ किंवा ‘पऱ्या’. ‘ही अमुक नदीच ना?’ असं विचारलं तर पाहुण्याचं मन राखायला होकार मिळतो आणि तुमचंच नाव तुमच्याकडे परत येतं. नाव आपण आधी उच्चारायचं नाही. असे प्रश्न विचारा: पूर आला की ‘कोण आली’ म्हणतात? पलीकडच्या गावचे लोक या नदीला काय म्हणतात? लग्नाला वरच्या गावी जाताना कोणती नदी ओलांडता? पोहायला जायचा डोह कोणता, आणि तो कोणत्या नदीचा? शेवटचा प्रश्न फार उपयोगाचा आहे. डोह, कोंड, घाट, उतार, बंधारा यांची नावं नदीच्या नावापेक्षा जास्त टिकतात आणि त्यांत नदीचं जुनं नाव अडकलेलं असतं.

विचारायचं कुणाला? दर दोन-तीन किलोमीटरवर, दोन्ही काठांवर, निदान तिघांना. गुराखी आणि धनगर यांना वरच्या ओघळींची नावं माहीत असतात, मासेमारी करणाऱ्यांना डोहांची. सासरी आलेल्या आजींना माहेरच्या काठावरचं नाव वेगळं असेल तर ते ठळक आठवतं, आणि मोलाची तुलना तिथेच मिळते. सगळे वेगवेगळं सांगत असतील तर त्यातलं एक खरं आणि बाकी खोटी असं नसतं. बहुतेक वेळा नाव टप्प्याचं असतं.

टप्प्यांची नावं कशी बदलतात याचे चार नमुने लक्षात ठेवा. संगमानंतर एकीचंच नाव पुढे जातं: कऱ्हा मिळाल्यावरही नीरा ही नीराच. दोघींची नावं जोडली जातात: पुण्यातल्या संगमापुढे ती मुळा-मुठा. दोन्ही नावं थांबून नवं सुरू होतं: वर्धा आणि वैनगंगा मिळाल्यावर प्राणहिता, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्यानंतर पंचगंगा, जिच्यात परंपरा गुप्त सरस्वती पाचवी धरते. आणि चौथा नमुना, संगम नसतानाही एका टप्प्याला वेगळं नाव: पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते आणि तिथे ती चंद्रभागा. छोट्या नदीत हे चारही नमुने पंचवीस किलोमीटरांत सापडू शकतात. म्हणून नाव नोंदवताना ‘कुठून कुठपर्यंत’ हे दोन बिंदू नावाला जोडूनच लिहा.

दुसरी अडचण रोमन लिपीची. इंग्रजी नकाशातून मराठीत परत आणलेली नावं सर्वांत जास्त बिघडलेली असतात. ‘ळ’ चा ‘ल’ होतो, ‘ढ’ चा ‘ड’ किंवा ‘ध’, ‘ऱ्ह’ चा ‘र्ह’. अकोले तालुक्यातली आढळा ‘अधाला’ होते, संगमनेरची म्हाळुंगी ‘महालुंगी’, सातारा-सांगलीची येरळा ‘येरला’. मोडी कागदही इथे निकाल देत नाहीत, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळलेला नसतो. खात्रीचा मार्ग एकच: नाव विभक्तीसह बोलायला लावा आणि ध्वनिमुद्रण करा. ‘मुठेला पाणी आलं’, ‘कऱ्हेच्या काठी’, ‘पवनेचं पात्र’ असं सहज वाक्य आलं की मूळ शब्द, त्याचं लिंग आणि शेवटचा स्वर तिन्ही कळतात. ‘त्या ओढ्याला’ असं पुल्लिंगात आलं तर लोकांच्या मनात तो ओढा आहे, नदी नव्हे, हेही समजतं.

तिसरी अडचण सारख्या नावांची. मुळा एक पुण्याची आणि एक प्रवरेला मिळणारी. पूर्णा एक चांगदेवला तापीत जाते, दुसरी परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. साताऱ्याची वेण्णा आणि नागपूर-वर्ध्याकडची वेणा रोमनमध्ये एकमेकींच्या जागी पडतात. देव नदी आणि लेंडी नदी तर अनेक तालुक्यांत आहेत. नावापुढे कंसात कोणत्या नदीची उपनदी ते लिहा: ‘मुळा (प्रवरेची उपनदी)’. जिल्ह्याचं नाव पुरत नाही, कारण एकाच जिल्ह्यात दोन असू शकतात.

सरकारी कागदांकडून नावाची फार अपेक्षा नको. धरणांच्या नोंदवह्यांत नदीच्या रकान्यात ‘लोकल नाला’ एवढंच लिहिलेलं बरेचदा आढळतं, आणि धरणाला गावाचं नाव दिलेलं असतं. पुढे लोक धरणाचंच नाव नदीला देऊ लागतात. गाव नकाशा जास्त उपयोगी, पण तिथेही नदीपेक्षा शिवारांची नावं वाचा.

मग अर्थ. नावाची व्युत्पत्ती सांगायचा मोह आवरा. काही अर्थ उघड आहेत: मुंबईची मिठी म्हणजे गोड, संगमनेर हे गावाचं नाव प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमामुळे. शिरूरला घोडनदी म्हणतात ते नदीवरून, आणि नागपूरचं नाव नाग नदीवरून. मुंबईतल्या दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्या आणि त्याच नावाची गावं यांत आधी कोण हे मात्र नावावरून सांगता येत नाही. ऋषी, देवी किंवा पांडव यांच्याशी जोडलेली कथा मिळाली तर ती पूर्ण उतरवा, पण ‘गावात अशी कथा सांगतात’ या चौकटीत. कथा नावाचं कारण नसली तरी नाव किती जुनं मानलं जातं ते तिच्यातून कळतं. नावाला संस्कृत रूप देऊन ‘शुद्ध’ करू नका. लेंडी हे नाव ऐकायला बरं वाटत नाही म्हणून बदललं, तर त्या नावाने असलेल्या जुन्या सगळ्या नोंदींशी नदीचा धागा तुटतो. नाशिकमध्ये नासर्डीला नंदिनी म्हणण्याची सुरुवात झाली. अशा वेळी दोन्ही नावं द्यावीत, रूढ आणि नवं असं स्पष्ट सांगून.

नोंद लिहिताना

सुरुवातीला नदीची साखळी द्या, समुद्रापर्यंत: कऱ्हा, नीरा, भीमा, कृष्णा, बंगालचा उपसागर. मग उगम तिन्ही अर्थांनी, वाटेतली गावं वरून खालच्या क्रमाने तीरासह, मिळणारे ओढे डावे-उजवे वेगळे करून, धरणं, संगम. कऱ्हेच्या बाबतीत सासवड, जेजुरीजवळचं नाझरे धरण, मोरगाव, बारामती आणि शेवटी सोनगाव असा क्रम येतो. प्रत्येक आकड्यापुढे तो कशावरून आला ते: नकाशा क्रमांक आणि वर्ष, जागेवरचं मोजमाप, किंवा कोणत्या गावात कधी ऐकलं. माहिती देणाऱ्याचं नाव छापू नका. गाव, वयोगट आणि व्यवसाय पुरे.

ओपनस्ट्रीटमॅपवर नदी टाकणार असाल तर रेघ उगमाकडून संगमाकडे काढा, कारण रेघेची दिशा हीच तिथे प्रवाहाची दिशा मानतात. धडधाकट माणूस उडी मारून ओलांडू शकेल तो ‘स्ट्रीम’, त्याहून रुंद तो ‘रिव्हर’. लोक नदी म्हणतात की ओढा यावर हा प्रकार ठरत नाही. नाव बदलतं तिथे रेघ तोडा आणि प्रत्येक तुकड्याला त्याचं नाव द्या, देवनागरीत. पर्यायी नावासाठी वेगळा रकाना असतो, दोन नावं तिरक्या रेघेने एकाच रकान्यात कोंबू नका.

आणि काही ओढ्यांना खरोखरच नाव नसतं. तीन गावं फिरूनही ‘ओढाच म्हणतो आम्ही’ हेच उत्तर आलं तर तीच नोंद आहे. आपल्या वहीत ओळखीसाठी ‘उजव्या तीरावरचा तिसरा ओढा’ असं लिहा, नकाशावर नावाचा रकाना मात्र रिकामा ठेवा. तिथे सोयीसाठी एखादं नाव टाकलं की ते वर्षभरात दुसऱ्या नकाशांवर जातं, तिथून पाट्यांवर येतं, आणि पुढच्या वेळी गावात विचारायला गेलेल्या माणसाला तेच सांगितलं जातं.